बौद्ध मंगल परिणय आणि निमंत्रितांचे कर्तव्य

विवाह हा गृहस्थी जीवनाचा पाया होय. पाया कसा घातला गेला यावर घराची मजबुती अवलंबून असते, म्हणून जगातील प्रत्येक समाजाने विवाहविधीला महत्त्व दिले आहे. आपल्या समाजातही १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विवाहाचा स्वतंत्र संस्कार रूढ झाला. आज महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतील समाजमंदिरांपासून मुंबई, पुणे, नागपूरच्या सभागृहांपर्यंत बौद्ध पद्धतीने विवाह होतात. या विवाहांना आपले नातेवाईक येतात, तसेच शेजारी, कार्यालयातील सहकारी आणि इतर धर्मांचे स्नेहीही येतात. येथे काय चालले आहे, आपण उभे राहावे की बसावे, अक्षता कुठे आहेत, असे प्रश्न त्यांच्या मनात येतात. खेदाची गोष्ट ही की, पुष्कळदा आपल्याच तरुण मुलामुलींना या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

या लेखात बौद्ध विवाहात पाहुण्यांना काय पाहावयास मिळते, त्यामागील अर्थ काय आणि निमंत्रितांकडून कोणती अपेक्षा असते, याची माहिती देण्याचा आम्ही प्रयत्न केला आहे. आमचे सांगणे मुख्यतः एकच आहे. बौद्ध विवाहातील पाहुणा हा प्रेक्षक नसून साक्षीदार आहे. ही गोष्ट ध्यानात आली की विधीतील प्रत्येक भागाचा उलगडा आपोआप होतो.

संस्काराचा उगम

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तथापि त्या अखेरच्या दिवसांतही त्यांनी एका पत्रातून बौद्ध विवाहविधी कसा असावा याचे मार्गदर्शन केले होते. विधी साधा असावा, त्यात होम नसावा, सप्तपदी नसावी, वधूवरांनी पांढरी वस्त्रे परिधान करावीत, दोघांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे भांडे ठेवावे, त्या पाण्यातील सुताचे एकेक टोक दोघांनी हाती धरावे आणि मंगल सुत्ताचे पठण व्हावे, असे त्याचे स्वरूप होते. आज आपल्याकडे जो विधी होतो, तो याच पायावर उभा आहे.

पुरोहिताविना विवाह ही कल्पना महाराष्ट्राला त्यापूर्वीही अपरिचित नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लावला होता. वधूवरांनी समजेल अशा भाषेत परस्परांना वचने द्यावीत, हा त्या पद्धतीचा गाभा होता. बौद्ध विवाहातील प्रतिज्ञांकडे पाहताना हा वारसाही आपण स्मरणात ठेवला पाहिजे.

निमंत्रणपत्रिका

पाहुण्याची विवाहाशी पहिली ओळख पत्रिकेतून होते. बौद्ध विवाहाच्या पत्रिकेवर तथागत भगवान बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची छायाचित्रे असतात. 'शुभविवाह' या शब्दाऐवजी 'मंगल परिणय' हा शब्द बहुधा छापलेला आढळतो. नमो बुद्धाय आणि जयभीम हे अभिवादन असते.

पत्रिकेत दिलेली वेळ ही पंचांगातील मुहूर्ताची वेळ नसते. कुशल कर्मासाठी प्रत्येक दिवस चांगला, ही आपली धारणा असल्यामुळे सर्वांच्या सोयीचा दिवस, बहुतेक करून रविवार, ठरविला जातो. परंतु मुहूर्त नाही याचा अर्थ वेळेचे बंधन नाही असा अनेकांनी करून घेतला आहे. सकाळी ११ ची वेळ छापावयाची आणि दुपारी २ वाजता वराची मिरवणूक दारात यावयाची, हे दृश्य आपल्याला नवीन नाही. मुहूर्ताची भीती ज्याला वाटते तो निदान धावतपळत वेळ गाठतो. भीती सोडून देणाऱ्याने शिस्तीने वेळ पाळली, तरच भीती सोडल्याला अर्थ राहील.

विवाहास भिक्खू संघाला निमंत्रण असेल तर वेळेचे महत्त्व अधिकच वाढते. भिक्खू मध्यान्हानंतर आहार घेत नाहीत. म्हणून त्यांचे भोजनदान दुपारी १२ च्या आत आटोपले पाहिजे. मिरवणूक रेंगाळली म्हणजे भिक्खूंना उपाशी परत जावे लागते. यजमानाने आणि वऱ्हाडाने याचा आधीच विचार करावा.

मंडपात शिरताना

मंडपात किंवा सभागृहात पाहुण्यांना प्रथम दिसते ते व्यासपीठ. त्यावर पांढरे वस्त्र अंथरलेल्या टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते. समोर मेणबत्त्या, अगरबत्ती व फुले असतात. बाजूला पाण्याचे भांडे आणि पांढरे सूत असते. अनेक ठिकाणी पंचरंगी धम्मध्वज लावलेला असतो. व्यासपीठावर जाताना पादत्राणे खाली काढावीत, एवढा नियम सर्वांनी पाळावा.

वधू पांढऱ्या साडीत आणि वर पांढऱ्या पोशाखात पाहून काही पाहुण्यांना आश्चर्य वाटते. पांढरा रंग दुःखाचा, अशी समजूत आपल्या भोवती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनाही कधी कधी हा रंग खटकतो. त्यांना समजावून सांगावे की, बुद्धकाळापासून पांढरी वस्त्रे ही गृहस्थ उपासकाची ओळख आहे. पालि ग्रंथांत गृहस्थ शिष्यांचे वर्णनच शुभ्र वस्त्रधारी असे येते. भिक्खूंचे चीवर वेगळे आणि गृहस्थांचे वस्त्र पांढरे. तेव्हा विवाहाच्या दिवशी पांढरे नेसणे म्हणजे सदाचारी गृहस्थ जीवनात पाऊल ठेवणे होय.

विधी कोण लावतो, हाही एक प्रश्न विचारला जातो. भिक्खूंच्या विनयात विवाह जुळविण्यास मनाई आहे. म्हणून आपल्याकडे विवाह लावण्याचे काम बहुधा गृहस्थ बौद्धाचार्य करतात. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने अशा बौद्धाचार्यांना शिक्षण देण्याची परंपरा निर्माण केली. बौद्धाचार्याला जन्माची अट नाही. तो शिक्षक असेल, गिरणीतून निवृत्त झालेला कामगार असेल किंवा पोस्टमन असेल. भिक्खू उपस्थित असल्यास ते शरण-शील देतात आणि आशीर्वादपर गाथा म्हणतात.

विधीचा क्रम

स्थलपरत्वे क्रमात थोडा फरक आढळतो. तथापि सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे विधी होतो. त्यास अर्धा ते पाऊण तास लागतो.

१) दीप-धूप प्रज्वलन व पुष्पार्पण : वधूवरांचे मातापिता आणि समाजातील ज्येष्ठ मंडळी आदर्शांना पुष्पहार अर्पण करतात व मेणबत्त्या प्रज्वलित करतात. येथे विधवा मातेला मागे उभे राहावे लागत नाही. पतीच्या पश्चात जिने मोलमजुरी करून मुलांना वाढविले, तिच्याच हाताने पहिली मेणबत्ती लागावी हे योग्य होय. एखाद्या घरी जुन्या सवयीने तिला बाजूला सारण्यात येत असेल, तर जवळच्या पाहुण्यांनी तिला हाताला धरून पुढे आणावे.

२) त्रिशरण-पंचशील : बौद्धाचार्य म्हणतात व सर्वजण त्यांच्या मागोमाग म्हणतात. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे हे त्रिशरण. प्राणीहत्या, चोरी, व्यभिचार, असत्य भाषण आणि मादक पदार्थांचे सेवन यांपासून अलिप्त राहण्याची शिकवण म्हणजे पंचशील. या वेळी सर्वांनी शांत राहून हात जोडावेत. इतर धर्मांच्या पाहुण्यांनी शब्द म्हटलेच पाहिजेत असे नाही. त्यांनी सर्वांबरोबर शांत राहणे हाच आदर मानला जातो.

३) बुद्धपूजा व त्रिरत्न वंदना : वधूवर पुष्पे अर्पण करतात व वंदन करतात.

४) संमती व प्रतिज्ञा : बौद्धाचार्य वधूवरांचा परिचय करून देतात. हा विवाह उभयतांच्या संमतीने होत आहे, याची खात्री करून घेतात. नंतर वर पाच आणि वधू पाच प्रतिज्ञा सर्वांसमक्ष उच्चारतात. हा संपूर्ण विधीचा गाभा आहे.

५) पुष्पहार : वधूवर एकमेकांना पुष्पहार घालतात.

६) जयमंगल अष्टगाथा : मंगलाष्टकांच्या ठिकाणी या आठ गाथा म्हटल्या जातात. प्रत्येक गाथेच्या अखेरीस पाहुणे वधूवरांवर फुलांच्या पाकळ्यांचा वर्षाव करतात. यासाठी पाकळ्या आधीच वाटलेल्या असतात. तांदूळ हे अन्न आहे, ते पायदळी तुडवू नये, म्हणून अक्षता वापरीत नाहीत.

७) महामंगल सुत्त व आशीर्वाद : वधूवर पाण्याच्या भांड्यातील सूत हाती धरतात व सुत्तपठण होते. शेवटी उपस्थित मंडळी तीन वेळा 'साधु' म्हणून अनुमोदन देतात.

८) प्रमाणपत्र : वधूवर, बौद्धाचार्य आणि साक्षीदार यांच्या सह्या होतात.

गाथांचा अर्थ

गाथा पालि भाषेत असल्यामुळे पाहुण्यांना त्या समजत नाहीत. त्यांचा अर्थ थोडक्यात सांगितला तर पाकळ्या टाकणाऱ्याच्या मनात भाव उत्पन्न होईल. जयमंगल अष्टगाथांत भगवान बुद्धांच्या आठ विजयांचे वर्णन आहे. यांतील एकही विजय शस्त्राने मिळविलेला नाही. माराला दानादी धर्माने, क्रूर आळवक यक्षाला क्षमा व संयमाने, मदोन्मत्त नालागिरी हत्तीला मैत्रीने, खोटा आळ घेणाऱ्या चिंचेला शांतीने आणि वादासाठी उभ्या ठाकलेल्या सच्चकाला प्रज्ञेने जिंकले, असे त्यांत सांगितले आहे. संसारातही रागाचा हत्ती येतो, खोटा आळ येतो, वाद येतो. त्या वेळी हात उगारून नव्हे तर मैत्रीने आणि शांतीने जिंकावयाचे, हा उपदेश विवाहाच्या घडीलाच दिला जातो.

महामंगल सुत्त श्रावस्तीच्या जेतवनात उपदेशिले गेले. उत्तम मंगल कोणते, या प्रश्नाचे उत्तर देताना भगवंतांनी ३८ मंगले सांगितली. त्यांत शुभ नक्षत्र नाही, शकुन नाही. मातापित्यांची सेवा, पत्नी व मुलांचा सांभाळ, मद्यपानापासून संयम, कृतज्ञता, सहनशीलता अशा गोष्टी आहेत. म्हणजे मंगल हे आकाशातून येत नसून माणसाच्या वागण्यातून निर्माण होते.

प्रतिज्ञा कोठून आल्या

वधूवरांच्या प्रतिज्ञांचा आधार दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृह नगरीत सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत असे. वडिलांनी मरताना तसे सांगितले होते, म्हणून तो करीत होता. त्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. भगवान बुद्धांनी त्याला दिशांचा खरा अर्थ समजावून दिला. पूर्व दिशा म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी, उत्तर म्हणजे मित्र व स्नेही, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. यांच्याप्रती आपले कर्तव्य करणे हीच दिशांची पूजा होय.

या उपदेशात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. पत्नीचीही पाच कर्तव्ये आहेत : घरकामाची नीट व्यवस्था ठेवणे, दोन्हीकडील आप्तजनांचे आदरातिथ्य करणे, एकनिष्ठ राहणे, मिळविलेल्या धनाचे रक्षण करणे आणि सर्व कामांत दक्ष राहून आळस न करणे.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात पतीचे पहिले कर्तव्य पत्नीचा सन्मान हे आहे, ही बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कर्तव्ये दोघांनाही आहेत आणि त्यांची संख्याही समान आहे. आज पत्नी शिक्षिका असते, परिचारिका असते, बँकेत नोकरी करते. धनाचे रक्षण आणि घरकामाची व्यवस्था ही आता दोघांची कामे झाली आहेत. शब्द जुने असले तरी परस्परांविषयीची जबाबदारी हा त्यांचा आशय कायम आहे.

जे येथे दिसणार नाही

इतर विवाह पाहिलेल्या पाहुण्याला येथे काही गोष्टी आढळणार नाहीत. होमकुंड नसते. सप्तपदी नसते. कन्यादान नसते. मुलगी ही दान देण्याची वस्तू नाही, ती स्वतःच्या संमतीने उभी राहून प्रतिज्ञा घेते. पत्रिका जुळविणे, गुण मोजणे नसते. मंगळसूत्र काही घरी घालतात, काही घरी घालीत नाहीत. विवाह पूर्ण होण्यासाठी त्याची आवश्यकता नाही. हळदीचा कार्यक्रम बऱ्याच घरी आदल्या दिवशी होतो. तो कुटुंबाच्या हौसेचा भाग आहे, संस्काराचा नव्हे.

इतरांच्या पद्धतीला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्या विवाहात अग्नीला साक्षी ठेवतात, तेथे अग्नीपुढे दिलेले वचन त्यांना पवित्र असते. आपल्या विवाहात अग्नी नाही. मग वधूवरांच्या वचनाला साक्षी कोण? जमलेली माणसे. मांडवात बसलेला मामा, शेजारची काकू, वराचा कारखान्यातील मित्र, वधूच्या शाळेतील बाई, हेच साक्षीदार.

आता विचार करावा. प्रतिज्ञा चालू असताना निम्मे पाहुणे जेवणाच्या मांडवात असतील, काही बाहेर गप्पा मारीत असतील, छायाचित्र काढणारे वधूवरांपुढे भिंतीसारखे उभे असतील आणि पुढच्या रांगेतील मंडळी आपापल्या मोबाईलमध्ये डोके घालून असतील, तर साक्षीला राहिले कोण? ज्या विवाहात साक्षी माणसांची, तेथे माणसांनी ऐकलेच नाही तर मुलीने कोणाच्या भरवशावर नव्या घरात जावे? पुढे सहा महिन्यांनी त्या घरात तिचा अवमान होऊ लागला, तर 'तू सर्वांसमोर काय बोलला होतास' असे त्या मुलाला विचारण्याचा अधिकार ज्याने ऐकले त्यालाच असतो. म्हणून पाऊण तास शांत बसणे ही निव्वळ सभ्यता नाही. ती एका मुलीला आणि एका मुलाला दिलेली हमी आहे.

यासाठी यजमानांनीही काही पथ्ये पाळावीत. विधी संपेपर्यंत भोजन सुरू करू नये. लहान मुले, वृद्ध व मधुमेहाचे रुग्ण यांच्या अल्पोपहाराची सोय आधी करावी. ध्वनिक्षेपक नीट तपासून घ्यावा, म्हणजे वधूवरांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल. प्रतिज्ञा मराठीत, सावकाश आणि स्पष्ट म्हणवून घ्याव्यात. बौद्धाचार्यांना दोन मिनिटांत उरका, असे कोणी सुचवू नये. त्याचप्रमाणे बौद्धाचार्यांनीही त्या वेळी तासभर भाषण करू नये.

आहेर, भोजन आणि खर्च

पुष्कळ पत्रिकांवर आहेर आणू नये अशी विनंती असते. ती मनापासून केलेली असते, पाहुण्यांनी तिचा मान राखावा. काही द्यावयाचेच असेल तर पुस्तके द्यावीत, किंवा वधूवरांच्या नावे विहाराला वा गरजू विद्यार्थ्याला मदत द्यावी. वरपक्षाने मागून घेतलेली वस्तू, मग ती मोटारसायकल असो वा 'मुलीच्या संसारासाठी' म्हणून मागितलेले कपाट असो, हुंडाच होय. हुंडा देणे व घेणे दोन्ही १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. असे मागणे झाल्याचे ज्या पाहुण्याला ठाऊक आहे, त्याने पंक्तीत बसून वाहवा करू नये.

भोजनात कोठे वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी व बुंदी अशी पंगत असते, तर शहरात उभ्याने घेण्याचे जेवण असते. पदार्थ किती, यावर विवाहाची प्रतिष्ठा ठरवू नये. एक गोष्ट मात्र स्पष्टपणे बोलली पाहिजे. पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे. हळदीच्या रात्री आणि वरातीत मद्य चालते आणि दुसऱ्या दिवशी तीच मंडळी हात जोडून पाचवे शील म्हणतात. पाहुणे हे पाहत असतात. लहान मुलेही पाहत असतात. वरातीत भीमगीते जरूर लावावीत, आनंदाने नाचावे. परंतु त्या गीतांतील विचार शुद्धीवर असणाऱ्यालाच कळतो.

विवाहासाठी कर्ज काढून पुढची पाच-सात वर्षे हप्ते फेडणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. यासंबंधी बाबासाहेबांच्या जीवनातील दोन प्रसंग आठवावेत. १९०६ च्या सुमारास त्यांचा रमाईंशी विवाह झाला, तो मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार संपल्यानंतर. एका कोपऱ्यात वराकडील मंडळी आणि दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडील मंडळी बसली. बाजाराचे दगडी ओटे हीच त्यांची बैठक. पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा दुसरा विवाह झाला. त्या वेळी ते देशाचे कायदेमंत्री होते. तरीही तो नोंदणी पद्धतीने, मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत झाला. पहिला विवाह साधा झाला तो परिस्थितीमुळे, दुसरा साधा झाला तो स्वतःच्या निवडीने. आपली परिस्थिती आता पुष्कळ घरी सुधारली आहे. निवड आपल्या हाती आहे.

कायद्याची बाजू

मंडपात सह्या झालेले प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोंदणी, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्या कायद्याप्रमाणे उभय पक्षांपैकी कोणाच्याही रूढ विधीने विवाह करता येतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीही विवाह करता येतो. बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहाची नोंदणी ग्रामपंचायत, नगरपालिका वा महानगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडे करून घ्यावी. महाराष्ट्रात यासाठी १९९८ चा कायदा आहे, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. वधूचे वय १८ आणि वराचे वय २१ पूर्ण असल्याचे दाखले पाहिल्याशिवाय बौद्धाचार्यांनी विवाह लावू नये.

नोंदणीच्या वेळीही साक्षीदार लागतात. तेव्हा 'आम्हाला वेळ नाही' असे न म्हणता जवळच्या नातलगांनी व मित्रांनी कार्यालयात जाऊन सही करावी. पुढे वारसाहक्क, पेन्शन, पासपोर्ट किंवा दुर्दैवाने पोटगीचा प्रश्न आला, तर तो एक कागद त्या मुलीच्या मोठ्या उपयोगी पडतो.

समारोप

सिगालाला सांगितलेल्या सहा दिशांत उत्तर दिशा मित्रांची व स्नेह्यांची आहे, हे वर आलेच आहे. चांगला मित्र कसा असतो, हेही भगवंतांनी त्याच उपदेशात सांगितले आहे. आपला मित्र गाफील असता तो त्याला सांभाळतो, त्याच्या मालमत्तेचे रक्षण करतो, भयाच्या वेळी त्याचा आधार होतो, संकटात त्याला सोडून जात नाही आणि त्याच्या मुलाबाळांचाही आदर राखतो. विवाहास आलेले पाहुणे ही त्या नव्या संसाराची उत्तर दिशा होय.

म्हणून यापुढे पत्रिका हाती येईल तेव्हा पाहुण्यांनी तिच्याकडे जेवणाचे आमंत्रण म्हणून न पाहता साक्षीसाठी आलेली हाक म्हणून पाहावे. वेळेवर यावे. हात जोडून शीलग्रहणात सहभागी व्हावे. प्रतिज्ञा कान देऊन ऐकाव्यात. आठही गाथांना पाकळ्या टाकाव्यात आणि मग आनंदाने भोजन करून घरी जावे. वर्षभराने त्या घरावरून जाणे झाले, तर क्षणभर आत डोकावून दोघांचीही विचारपूस करावी. विचारताना केवळ मुलाशी बोलून परतू नये, मुलीशीही बोलावे. एवढे केले तर आपल्या मंडपात अग्नी नसला तरी दिलेले वचन जागते राहील.

सर्व नवदांपत्यांचे आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या सर्व साक्षीदारांचे मंगल होवो, हीच आमची मंगल कामना.